वजन मोजलं विम्यानं, पैसे मोजायचे कुणी?

आरोग्य विम्याचा अर्ज मोबाइलवर भरायला घेतला की नाव, जन्मतारीख आणि पिनकोडनंतर दोन रकाने येतात: उंची आणि वजन. आपण ते भरतो (वजन दोन-तीन किलो कमीच लिहितो, ते असो) आणि पुढच्या पानावर जातो. मागच्या मागे एक साधा भागाकार होतो. त्याचं उत्तर कंपनीला आवडलं नाही तर हप्ता वाढतो, जादा तपासण्या सांगितल्या जातात, कधी अर्जच परत येतो. तुमचं वजन हा धोका आहे, याबद्दल विमा कंपनीच्या मनात कसलीही शंका नसते.

तेच वजन उतरवायला डॉक्टरांनी उपचार सांगितले आणि त्याचं बिल तुम्ही कंपनीला पाठवलं, की मात्र उत्तर बदलतं. मग वजन ही तुमची खासगी बाब ठरते. ही विसंगती आपल्याकडे जन्मली नाही, ती अमेरिकेतून आली. तिथे तिचं वय ऐंशी वर्षांहून जास्त आहे. लठ्ठपणाला आकड्यात बसवण्याचं काम तिथे डॉक्टरांच्या आधी विमा कंपन्यांनी केलं. आणि त्याच्या उपचाराला नकार देण्याचं कामही पुढे विम्यानंच केलं.

मॅडिसन स्क्वेअरचा तक्ता

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरपाशी मेट्रोपॉलिटन लाइफ या आयुर्विमा कंपनीचा मनोरा आहे. १९०९मध्ये तो पुरा झाला तेव्हा जगातली सर्वांत उंच इमारत होता. हा मनोरा उभा राहिला तो गरिबांच्या चिल्लरीवर. कंपनीचे एजंट कामगारवस्त्यांमध्ये दारोदार फिरून दर आठवड्याला काही सेंट गोळा करत. आपल्याकडे पिग्मीवाला दुकानादुकानांतून फिरतो, तसे. विमेदार लवकर मेला तर कंपनीचं नुकसान. म्हणून मेट लाइफनं १९०९पासून आजारी विमेदारांच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली, क्षयरोगावर पत्रकं वाटली. हे दानधर्मासाठी नव्हतं, धंद्याचं गणित होतं. पण त्यातून लोकांचं भलंही झालं, हे मान्य करायला हवं.

या कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ होता लुई डब्लिन. लिथुआनियातून लहानपणी अमेरिकेत आलेला आणि पुढे कंपनीच्या उपाध्यक्षपदापर्यंत चढलेला. त्याच्यापुढे लाखो पॉलिसींची नोंद होती: कोण किती उंच, किती वजनाचा, किती वर्षं जगला. विमा कंपन्या आधीपासूनच उंची-वजनाचे तक्ते वापरत असत, पण ते सरासरीचे तक्ते होते. वय वाढलं की सरासरी वजन वाढतं, तसं तक्त्यातलं वजनही वाढायचं. डब्लिननं प्रश्नच बदलला. लोकांचं वजन किती असतं, हे सोडून किती वजनाचे लोक जास्त जगतात, हे त्यानं विचारलं. उत्तर म्हणून १९४२मध्ये बायकांसाठी आणि १९४३मध्ये पुरुषांसाठी मेट लाइफनं ‘आदर्श वजना’चे तक्ते छापले. पंचविशीनंतर वजन वाढण्याची मुभा त्यांत नव्हती.

आज पाहिलं तर हे तक्ते बरेच ढिले वाटतात. त्यांत शरीराची ठेवण लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन प्रकारची होती. पण आपली ठेवण कोणती हे ठरवायचं कसं, ते कुठेच सांगितलेलं नव्हतं. वजन कपड्यांसकट आणि उंची बुटांसकट धरलेली. शिवाय सगळा डेटा विमा विकत घेणाऱ्यांचा, म्हणजे मुख्यतः गोऱ्या अमेरिकनांचा. ज्यांना विमा परवडत नव्हता किंवा ज्यांना कंपन्या तो देतच नव्हत्या, ती माणसं तक्त्यात नव्हतीच.

तरीही तक्ता चालला. डॉक्टरांच्या दवाखान्यात टांगला गेला, मासिकांत छापून आला. १९५९मध्ये सुधारित आवृत्ती आली तेव्हा ‘आदर्श’ हा शब्द काढून ‘इष्ट’ घातला. हप्ता ठरवायचं एक साधन अशा रीतीनं माणूस निरोगी आहे की नाही हे सांगणारं साधन बनलं.

तक्त्याला पर्याय शोधला तो अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञानं. विमा कंपन्यांच्या ढिसाळ आकड्यांवर त्याचा राग होता. १९७२मध्ये त्यानं वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं तपासली (बायका एकही नाही) आणि वजनाला उंचीच्या वर्गानं भागणारं सूत्र त्यातल्या त्यात बरं आहे, असा निष्कर्ष काढला. सूत्र नवं नव्हतं. बेल्जियमच्या अदोल्फ केतले या गणितज्ञानं ते १८३०च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधताना मांडलं होतं आणि त्याच्या डोक्यात लठ्ठपणा नव्हता. कीजनं त्याला नवं नाव दिलं: बॉडी मास इंडेक्स. तुमच्या फोनमधला बीएमआय तो हाच.

आजार नसल्याची नोंद

आता गोष्टीची दुसरी बाजू. १९६५मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पासष्टीपुढच्या अमेरिकनांना सरकारी आरोग्य विमा मिळाला. अमेरिकेत मेडिकेअर ज्याला पैसे देतं त्याला खासगी कंपन्याही बऱ्याचदा देतात, म्हणून मेडिकेअरच्या नियमपुस्तकातल्या एकेका वाक्याला मोल असतं. त्या पुस्तकात कित्येक वर्षं एक वाक्य होतं. त्याचा आशय असा, की लठ्ठपणा हा स्वतः आजार मानता येत नाही. थायरॉइडसारख्या दुसऱ्या कुठल्या रोगामुळे वजन वाढलं असेल किंवा वजनामुळे दुसरा रोग बळावत असेल, तर गोष्ट वेगळी. नुसत्या लठ्ठपणाच्या उपचारांना पैसे नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ असा होता: वजनानं गुडघे झिजले तर गुडघे बदलायला पैसे मिळतील, हृदयाच्या वाहिन्या तुंबल्या तर बायपासला मिळतील, मधुमेहानं पाय गेला तर तो कापायलाही मिळतील. फक्त त्याआधी येऊ नका.

असं का? एक कारण सरळ आहे. लठ्ठ माणूस म्हणजे जिभेवर ताबा नसलेला माणूस, हा समज. तो फक्त विमेवाल्यांचा नव्हता, डॉक्टरांचाही होता आणि आपल्या लग्नसमारंभांतल्या काका-मामांचा आजही आहे. ज्याचं त्यानं आवरावं, त्याचं बिल इतरांनी का भरावं?

दुसरं कारण औषधांच्या इतिहासात आहे आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत वजन उतरवण्याच्या रंगीबेरंगी गोळ्यांचा सुळसुळाट होता. अँफेटामिन, लघवी जास्त होण्याची औषधं, थायरॉइडचं संप्रेरक असं काय वाट्टेल ते एकत्र करून डॉक्टर पुड्या बांधून द्यायचे. १९६८मध्ये ‘लाइफ’ मासिकाची एक सडपातळ वार्ताहर अशा दहा डॉक्टरांकडे जाऊन आली, तर तिच्या पिशवीत १,४००हून जास्त गोळ्या जमल्या. पुढे १९९०च्या दशकात फेन-फेन ही औषधांची जोडी लोकप्रिय झाली. १९९७च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या २४ बायकांच्या हृदयाच्या झडपांत बिघाड आढळल्याचं प्रसिद्ध केलं आणि त्याच सप्टेंबरमध्ये संबंधित औषधं बाजारातून काढावी लागली. या इतिहासानंतर विमावाले बिचकले, तर त्यांना फार दोष देता येत नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांची घड्याळं वेगळी आहेत. आयुर्विम्याचा करार वीस-तीस वर्षांचा. तुमचं वजन आज वाढलं तर पंचवीस वर्षांनी कंपनीला फटका बसू शकतो, म्हणून डब्लिनला वजनात रस होता. आरोग्य विमा वर्षावर्षाचा. अमेरिकेत तो बहुतेकांना नोकरीतून मिळतो. नोकरी बदलली की कंपनी बदलते. आज एका कंपनीनं तुमच्या उपचाराला पैसे दिले, तर दहा वर्षांनी टळलेल्या हार्ट अटॅकचा फायदा भलतीच कंपनी घेऊन जाते. त्यामुळे वजन हा दोघांनाही धोका वाटतो, पण तो कमी करण्याचा खर्च आपण करावा असं एकालाही वाटत नाही.

सुरीला हो, गोळीला नाही

गंमत म्हणजे लठ्ठपणा हा आजार आहे, हे मेडिकेअरच्या आधी अमेरिकेच्या आयकर खात्यानं मान्य केलं. २००२मध्ये त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी निदान केलेल्या लठ्ठपणावरच्या उपचारांचा खर्च वैद्यकीय खर्च म्हणून वजावटीला धरता येईल. मेडिकेअरला आणखी दोन वर्षं लागली. जुलै २००४मध्ये आरोग्यमंत्री टॉमी थॉम्प्सन यांनी नियमपुस्तकातलं ते वाक्य काढून टाकल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी त्याचा मथळा ‘लठ्ठपणा आता आजार’ असा केला, पण प्रत्यक्षात घडलं होतं त्याहून कमी. लठ्ठपणा आजार आहे, असं वाक्य कुणी घातलं नव्हतं. नाही, असं म्हणणारं वाक्य फक्त पुसलं होतं.

त्या फटीतून पहिली आत शिरली ती शस्त्रक्रिया. आयोवातले सर्जन एडवर्ड मेसन १९६०च्या दशकापासून जठराचा बायपास करत होते. १९९१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची बैठक घेऊन शस्त्रक्रिया कुणाची करावी याची रेघ आखली: बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, सोबत गंभीर आजार असतील तर ३५पासून. हे दोन आकडे लक्षात ठेवा, ते पुढे भारतात भेटणार आहेत. फेब्रुवारी २००६मध्ये मेडिकेअरनं ३५च्या वर बीएमआय, जोडीला एखादा आजार आणि आधीचे उपचार फसलेले, अशा अटींवर या शस्त्रक्रियांना पैसे द्यायला सुरुवात केली.

त्याच वर्षाच्या १ जानेवारीला मेडिकेअरची औषधांची योजना सुरू झाली होती. तिचा कायदा २००३चा, आणि त्यात कोणत्या औषधांना पैसे द्यायचे नाहीत याची यादी होती. ती यादीसुद्धा १९९०च्या एका जुन्या कायद्यातून उचललेली. त्या जुन्या यादीत केस उगवण्याची औषधं, सौंदर्यासाठीची औषधं, सर्दी-खोकल्याची औषधं होती आणि त्याच रांगेत वजन कमी करण्याची औषधंही.

म्हणजे २००६च्या पहिल्या दोन महिन्यांत अमेरिकन सरकारनं एकाच माणसाला दोन गोष्टी सांगितल्या. पोट कापून लहान करून घ्यायचं असेल तर पैसे देऊ. गोळी घ्यायची असेल तर ती टकलावरच्या औषधासारखी, स्वतःच्या खिशातून घ्या. तेव्हा हे फारसं कुणाला खुपलं नाही, कारण चांगली गोळीच नव्हती.

२०११मध्ये मेडिकेअरनं समुपदेशनालाही मान्यता दिली. बीएमआय ३०च्या वर असेल तर डॉक्टरांकडे पहिला महिना दर आठवड्याला, मग सहाव्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला जाता येईल. सातव्या महिन्यापासूनच्या भेटी हव्या असतील, तर आधीच्या सहा महिन्यांत ३ किलो वजन उतरलेलं हवं. ज्याला मदतीची जास्त गरज त्याचीच मदत बंद. रक्तदाब उतरला नाही म्हणून रक्तदाबाची गोळी कुणी थांबवतं का?

२०१३च्या जूनमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननं लठ्ठपणाला आजार म्हणून मान्यता दिली. तीही एकमतानं नाही. त्यांच्याच वैज्ञानिक समितीचं म्हणणं विरुद्ध होतं; बीएमआय हे माप फार कच्चं आहे, त्यावर आजार ठरवणं बरोबर नाही, असं ती सांगत होती. प्रतिनिधींनी समितीला डावलून मतदान केलं. औषधांवरची बंदी उठवणारं विधेयक त्याच सुमारास काँग्रेसमध्ये आलं. तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा मांडलं जातंय आणि पुन्हा पुन्हा पडून राहतंय.

मग गोळीऐवजी इंजेक्शन आलं. सेमाग्लुटाइड २०१७च्या अखेरीस ‘ओझेम्पिक’ या नावानं मधुमेहासाठी मंजूर झालं आणि जून २०२१मध्ये ‘वेगोव्ही’ या नावानं वजनासाठी. रेणू तोच. फरक डोसचा, डब्याचा आणि किमतीचा. वेगोव्हीची छापील किंमत महिन्याला १,३४९ डॉलर. मधुमेह असेल तर मेडिकेअर ओझेम्पिकचे पैसे देई. फक्त लठ्ठपणा असेल तर वेगोव्हीचे देत नसे. २०२३मध्ये १७,६०४ लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकार असलेल्या, जाड पण मधुमेह नसलेल्या लोकांत या औषधानं हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. मार्च २०२४मध्ये औषधाच्या मंजुरीत हा उपयोग जोडला गेला आणि त्याच महिन्यात मेडिकेअरनं सांगितलं की हृदयासाठी दिलं तर वेगोव्हीलाही पैसे मिळू शकतील. इंजेक्शन तेच, पोट तेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदानाच्या जागी काय लिहिलंय, यावर बिल कुणाचं हे ठरणार.

खर्चाची भीती मात्र खरी होती. उत्तर कॅरोलायना राज्य आपल्या कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना वजनासाठीही ही औषधं देत होतं. २०२३मध्ये एवढ्या एकाच गोष्टीवर योजनेचे सुमारे १० कोटी डॉलर गेले. एप्रिल २०२४पासून राज्यानं ते बंद केलं. ज्यांचं औषध सुरू होतं आणि उपयोगही होत होता, त्यांचंसुद्धा. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं हिशोब मांडला की मेडिकेअरनं ही औषधं दिली तर नऊ वर्षांत सुमारे ३५ अब्ज डॉलर निव्वळ खर्च वाढेल. टळलेल्या आजारांमुळे वाचणारे पैसे? जेमतेम तीन-साडेतीन अब्ज. मेडिकेअरचा माणूस नोकरी बदलून कुठे जात नाही, मरेपर्यंत मेडिकेअरचाच असतो. तिथेसुद्धा गणित जुळत नव्हतं, कारण औषधाची किंमतच तशी होती. नोव्हेंबर २०२४मध्ये बायडेन सरकारनं औषधं देण्याचा प्रस्ताव मांडला, एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प सरकारनं तो पुढे नेला नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनीच दोन औषध कंपन्यांशी सौदा जाहीर केला: मेडिकेअरला महिना २४५ डॉलर, रुग्णाला ५० डॉलर. कायद्यातली १९९०ची यादी मात्र कुणी हलवली नाही.

आपल्या पॉलिसीतला ४०

भारतात मेडिक्लेम आला १९८६मध्ये. पुढची कित्येक वर्षं बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणावरचे उपचार ‘काय मिळणार नाही’ या यादीत असत. सप्टेंबर २०१९मध्ये विमा नियामक आयआरडीएआयनं या वगळण्यांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. तुमच्या पॉलिसीची पीडीएफ उघडून वगळण्यांच्या यादीत सहावा कोड शोधा. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया वगळली आहे. पण काही अटी पूर्ण झाल्या तर नाही. वय किमान १८. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्यानं. बीएमआय ४० किंवा जास्त. नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, तेही सौम्य उपचार फसल्यानंतर. पूर्ण नकारापेक्षा हे नक्कीच बरं.

पण ४० आणि ३५ हे आकडे ओळखीचे आहेत. अमेरिकन तज्ज्ञांनी १९९१मध्ये आखलेली ती रेघ.

ही रेघ आपल्या शरीरांना बसत नाही, याचा एक भक्कम पुरावा पुण्यात सापडला होता. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एकत्र फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवरच्या याज्ञिकांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: इंग्लंडमधल्या बाळांहून वजनानं खूप हलकी, पण चरबी त्या मानानं राखून ठेवलेली. वरून बारीक, आतून जाड. आपल्याकडे पोट थोडंसं सुटलेल्या, एरवी काटक दिसणाऱ्या माणसाला चाळिशीत मधुमेह का गाठतो, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

म्हणूनच २००९मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी खालचे आकडे सुचवले. लठ्ठपणा ३०ऐवजी २५पासून. शस्त्रक्रियेचा विचार ४०ऐवजी ३७.५ला, आणि सोबत आजार असतील तर ३५ऐवजी ३२.५ला. नियामकाचं परिपत्रक त्यानंतर दहा वर्षांनी आलं.

किलोंत सांगायचं तर, पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा बीएमआय ३५ होतो ९५ किलोंवर आणि ३२.५ होतो ८८च्या थोडं वर. समजा तो ९१ किलोंचा आहे आणि मधुमेह गोळ्यांना दाद देत नाही. भारतीय तज्ज्ञांच्या निकषात तो बसतो. पॉलिसीच्या निकषात बसायला त्याला आणखी चार किलो वाढवावे लागतील.

आणि औषधं? टिर्झेपॅटाइड ‘मौंजारो’ या नावानं मार्च २०२५मध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतची होती, आणि जेनेरिक बनवणाऱ्या कंपन्या त्या तारखेची वाटच पाहत होत्या. अमेरिकेत औषध महाग म्हणून विमा नको म्हणाला. आपल्याकडे ते स्वस्त झालं तरी अडचण निराळी आहे: आपला विमा मुळात हॉस्पिटलात भरती होण्याचा. आठवड्यातून एकदा घरच्या फ्रिजमधून काढून स्वतःच टोचून घ्यायचं इंजेक्शन बहुतेक पॉलिसींच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याचं बिल केमिस्टच्या काउंटरवरच भरायचं, दर महिन्याला, आणि थांबवलं की उतरलेलं वजन बऱ्याच जणांत परत येतं, हे माहीत असताना.